बुद्धिबळाच्या कथेला वेडा नायक लागत नाही

मराठीत बुद्धिबळावरची कादंबरी चटकन का आठवत नाही, असा प्रश्न साहित्यिक गप्पांत निघाला की एक ठरलेले उत्तर मिळते. बुद्धिबळात बाहेर काही घडत नाही, असे सांगितले जाते. दोन माणसे तासन्‌तास समोरासमोर बसतात, मधूनच एखादे मोहरे हलते, घड्याळाची कळ दाबली जाते, स्कोअरशीटवर चाल लिहिली जाते, बस्स. म्हणून लेखकाला खेळाडूच्या डोक्यात शिरावे लागते आणि तिथे वाचकाला धरून ठेवील असे काही हवे, तर ते वेडच असू शकते. पुरावा म्हणून व्लादिमीर नाबोकोव्हचा लुझिन, स्टीफन झ्वाइगचा डॉ. बी. आणि वॉल्टर टेव्हिसची बेथ हार्मन यांची नावे पुढे केली जातात. चौथा दाखला आपल्या देशातला, प्रेमचंदांच्या 'शतरंज के खिलाडी'तल्या मिर्झा आणि मीर यांचा. निष्कर्ष असा की साहित्यात बुद्धिबळ म्हणजे एकतर मनोविकाराची खूण, नाहीतर ऐदीपणाची. आपल्याकडचे शिस्तीचे, मंडळांतले, मे महिन्याच्या सुट्टीतले बुद्धिबळ यांपैकी कशातच बसत नाही, तेव्हा त्याची कथाही होत नाही.

हे म्हणणे मला साफ अमान्य आहे. ज्या पुस्तकांचा दाखला दिला जातो ती पुस्तके या म्हणण्याला आधार देत नाहीत, खेळाचा इतिहास देत नाही आणि सांगलीचा अनुभव तर मुळीच देत नाही. या गावात नूतन बुद्धिबळ मंडळ गेली कित्येक दशके स्पर्धा भरवत आले आहे. भाऊसाहेब पडसलगीकरांनी त्या कामासाठी आयुष्य वेचले. भाग्यश्री साठे-ठिपसे आणि स्वाती घाटे ही नावे इथल्या बुद्धिबळाशी जोडलेली आहेत. अशा गावात 'बुद्धिबळात काही घडत नाही' हे वाक्य मुकाट्याने ऐकून घेणे बरे नव्हे.

आधी वेडाचा मुद्दा घेऊ. पॉल मॉर्फीला उत्तरायुष्यात छळाचे भास होत, विल्हेल्म स्टाइनिट्झचा शेवट मनोरुग्णालयात झाला, अकिबा रुबिनस्टाइन माणसांपासून दूर गेला, बॉबी फिशर १९७२ साली जगज्जेता झाला आणि मग पटावरूनच नाहीसा झाला. ही उदाहरणे खरी आहेत. पण ती निवडून काढलेली आहेत. इमॅन्युएल लास्कर १८९४ ते १९२१ अशी सत्तावीस वर्षे जगज्जेता होता आणि त्याच काळात गणितात मोलाचे संशोधन करत होता. मॅक्स युवे अॅमस्टरडॅममध्ये मुलींना गणित शिकवणारा शिक्षक. १९३५ साली त्याने अलेखाइनला हरवून जगज्जेतेपद मिळवले आणि पुढे तो जागतिक बुद्धिबळ संघटनेचा अध्यक्ष झाला. मिखाइल बोत्विनिक विद्युत अभियंता होता. वासिली स्मिस्लोव्ह गायक होता. आपला विश्वनाथन आनंद पाच वेळा जगज्जेता झाला आणि त्याच्या वागण्याबोलण्यातला समतोल साऱ्या जगाने पाहिला. मॉर्फी आणि फिशर लेखकांना भुरळ घालतात, कारण त्यांच्या आयुष्यात नाट्य आयते मिळते. आयत्या नाट्याचा मोह समजू शकतो. त्याचा नियम करणे चूक आहे.

आता ती पुस्तकेच पाहू. नाबोकोव्हची कादंबरी १९३० सालची. लुझिन शेवटी खिडकीतून उडी घेतो, एवढेच सगळ्यांच्या लक्षात राहते. पण कादंबरीचा मोठा भाग व्यापला आहे तो एका मुलाच्या एकटेपणाने. घरात त्याला समजून घेणारे कोणी नाही, शाळेत त्याची टर उडते, आणि पट ही त्याला मिळालेली पहिली जागा आहे जिथे त्याचे म्हणणे समोरच्याला ऐकून घ्यावेच लागते. पुढे त्याच्या भल्यासाठी म्हणून डॉक्टर आणि पत्नी ती जागा काढून घेतात. बुद्धिबळाने त्याला मारले असे ज्यांना वाटते, त्यांनी हा क्रम पुन्हा तपासावा.

झ्वाइगची लघुकादंबरी त्याच्या मृत्यूच्या वर्षी, १९४२ साली प्रकाशित झाली. डॉ. बी. वेडाच्या काठावर जातो, हे खरे. पण त्याला तिथे नेतो तो नाझींचा एकांतवास. हॉटेलच्या खोलीत त्याला पुस्तक, कागद, घड्याळ, माणूस, काहीही मिळत नाही. चोरून आणलेले डावांचे पुस्तक हा त्याच्या हाती लागलेला एकमेव आधार असतो. सगळे डाव पाठ झाल्यावर तो स्वतःशीच खेळू लागतो, एकाच मनाने काळे आणि पांढरे दोन्ही होऊ पाहतो, आणि तिथे मन दुभंगते. झ्वाइगने खेळाविषयी याहून खोल गोष्ट सांगितलेली नाही: बुद्धिबळाला दुसरा माणूस लागतो आणि तो हिरावून घेतला की खेळ विष होतो. त्याच कथेतला जगज्जेता चेंटोविच डॅन्यूबवरच्या एका गरीब नावाड्याचा अनाथ मुलगा आहे. जहाजावरची शिकली-सवरलेली माणसे त्याला अडाणी समजून नाक मुरडतात. एवढ्या अडाण्याने जगज्जेता व्हावे हे त्यांना सहन होत नाही. वेडाइतकाच हा वर्गाचा प्रश्नही त्या पुस्तकात आहे. आपण तो वाचायचे टाळतो.

टेव्हिसची 'द क्वीन्स गॅम्बिट' १९८३ सालची. बेथला अनाथाश्रमात गुंगीच्या गोळ्यांची सवय लागते, मग दारूची. वेडाचा सिद्धान्त मांडणारे तेवढेच उचलतात. पण ती पहिल्यांदा तळघरात जाते आणि शिपाई शायबेलला खेळ शिकवायला सांगते, तेव्हा मुली बुद्धिबळ खेळत नाहीत असे तिला ऐकावे लागते. कादंबरी त्या नकारापासून सुरू होते. पुढचे सगळे डाव त्या नकाराला दिलेली उत्तरे आहेत.

आणि प्रेमचंद. १९२४ साली आलेल्या त्यांच्या कथेत अवधचे राज्य बुडत असताना दोन जहागीरदार डाव मांडून बसतात. राजासाठी ज्यांच्या हातून तलवार उपसली गेली नाही, ते शेवटी पटावरच्या भांडणापायी एकमेकांना मारून मरतात. म्हणून बुद्धिबळ ऐदी माणसांचे, असा अर्थ काढला जातो. प्रेमचंदांनी मात्र सुरुवातीलाच सगळे लखनौ विलासात बुडालेले दाखवले आहे. कोणी नाचगाण्यात, कोणी पाखरांच्या झुंजीत. दोष त्या वर्गाचा आहे; त्याच्या हातात पडलेल्या खेळाचा नाही. त्या कथेतली मिर्झाची बेगमही आठवावी. डोके दुखते म्हणून ती निरोपावर निरोप धाडते, नवरा डाव सोडून उठत नाही, शेवटी ती मोहरी बाहेर भिरकावते आणि दार लावून घेते. तिच्या दृष्टीने पट हा घरातला असा कोपरा आहे जिथे तिला जागा नाही. सत्यजित रायांनी १९७७ साली या कथेवर चित्रपट केला, तेव्हा शेवट बदलला. दोघे मरत नाहीत. इंग्रजी पद्धतीने सोंगट्या मांडून पुन्हा खेळायला बसतात. राज्य गेले, नियमही बदलले.

या चारही कृती शेजारी ठेवल्या की एक समान धागा दिसतो, आणि तो वेडाचा नाही. पटावर कोणाला बसू दिले जाते, कोणासमोर बसू दिले जाते आणि कोणाच्या नियमांनी, हा तो धागा. एकट्या मुलाला, नावाड्याच्या पोराला, अनाथ मुलीला, बेगमेला. चौसष्ट घरांच्या बाहेर समाजाने जेवढी उतरंड रचली आहे, तेवढी पटावर बसताना दारात उभी असते. आणि डाव सुरू झाला की ती निकामी होते. यातच बुद्धिबळाच्या कथेचे सगळे नाट्य साठलेले आहे. त्यासाठी नायकाचे डोके फिरायची गरज नाही.

प्रत्यक्षातले दाखले तर याहून बोलके आहेत. पंजाबातला मीर सुलतान खान हा सर उमर हयात खान या जमीनदाराच्या पदरी नोकर होता. देशी पद्धतीने खेळत वाढलेला हा माणूस १९२९ साली इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेता झाला. पुढे १९३२ आणि १९३३ सालीही तो मान त्याने मिळवला. हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्याने माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवले. मालकाबरोबर तो परत आला. १९३५ साली व्ही. के. खाडिलकर या मराठी खेळाडूशी त्याचा दहा डावांचा सामना झाला. सुलतान खानने त्यात फक्त एक डाव बरोबरीत सोडला, बाकी सगळे जिंकले. मग तो स्पर्धांच्या जगातून दिसेनासा झाला. ग्रँडमास्टर किताब त्याला जागतिक संघटनेने २०२४ साली दिला, मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी. त्या दहा डावांच्या सामन्यावर कोणी मराठी कथाकाराने लिहावे असे मला फार वाटते. एका बाजूला जगातल्या बलाढ्य खेळाडूंना हरवून आलेला आणि तरीही नोकरच राहिलेला माणूस, दुसऱ्या बाजूला डावामागून डाव हरूनही पुढच्या डावाला येऊन बसणारा मराठी खेळाडू. याहून जास्त काय घडायला हवे?

दुसरा दाखला थेट सांगलीच्या मातीशी जोडलेला आहे. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १८७२ साली सांगलीत जन्मले. 'कीचकवधा'सारखे नाटक लिहून त्यांनी सत्तेला रंगभूमीवरून आव्हान दिले, आणि १९२३ साली 'नवाकाळ' सुरू केला. त्यांचे नातू नीलकंठ खाडिलकर त्याच 'नवाकाळ'चे संपादक होते. नीलकंठरावांच्या तिन्ही मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी, बुद्धिबळ खेळत. १९७४ साली पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा झाली, ती वासंतीने जिंकली. पुढच्या वर्षी जयश्रीने, १९७६ साली तेरा वर्षांच्या रोहिणीने. प्रेमचंदांच्या बेगमेने दार लावून घेतल्याला तेव्हा पन्नास वर्षे झाली होती.

त्याच १९७६ साली रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला उतरली. देशात असे पहिल्यांदाच घडत होते. मोठा गदारोळ झाला. मुलीने पुरुषांत खेळावे की नाही यावर वाद पेटला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि अखेर जागतिक संघटनेच्या अध्यक्षाने निर्णय दिला की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. तो अध्यक्ष होता मॅक्स युवे, अॅमस्टरडॅमचा तोच गणित शिक्षक. त्या स्पर्धेत रोहिणीने तीन राज्यविजेत्यांना हरवले. १९८१ साली हैदराबादला ती आशियाई विजेती झाली, १९८३ साली क्वालालंपूरला पुन्हा.

ही हकीकत कादंबरीच्या कसोटीला लावून पाहा. सांगलीत जन्मलेल्या, सत्तेशी झुंजलेल्या नाटककाराच्या पणत्या. एकाच घरात एकाच किताबासाठी लढणाऱ्या तीन बहिणी. संपादक बाप, आणि न्यायालयापर्यंत गेलेले प्रकरण. पटापलीकडे बसलेले पुरुष, ज्यांना हरणे परवडणारे होते पण तेरा वर्षांच्या मुलीकडून हरणे परवडणारे नव्हते. आणि हजारो मैलांवरून येणारा निर्णय. यात प्रेम आहे, ईर्ष्या आहे, घराणे आहे, कायदा आहे. यात कोणी वेडे नाही. बुद्धिबळात काही घडत नाही म्हणणाऱ्यांनी या एका वर्षाचे उत्तर द्यावे.

कथेने वास्तवाला कमी लेखले की काय होते, याचाही ताजा धडा आहे. टेव्हिसच्या कादंबरीवर २०२० साली नेटफ्लिक्सने मालिका काढली. तिच्यातल्या एका वाक्यात जॉर्जियाच्या नोना गाप्रिंदाश्विलीचे नाव घेऊन सांगितले गेले की ती कधी पुरुषांशी खेळली नाही. वास्तवात नोना १९६२ ते १९७८ महिलांची जगज्जेती होती, मालिकेतल्या त्या प्रसंगाच्या काळापर्यंत अनेक पुरुष ग्रँडमास्टरांशी खेळली होती, आणि ग्रँडमास्टर किताब मिळवणारी ती पहिली स्त्री. तिने २०२१ साली खटला भरला. पुढच्या वर्षी तो तडजोडीने मिटला. काल्पनिक नायिका एकमेव ठरावी म्हणून हाडामांसाची स्त्री पुसली गेली होती. एकट्या, झपाटलेल्या, जगावेगळ्या प्रतिभेची कथा आपल्याला इतकी आवडते, की तिच्यासाठी आपण खऱ्या खेळाडूंचा इतिहास खोटा करायला तयार होतो. वेडाच्या सिद्धान्तावर माझा खरा राग आहे तो यासाठी.

आता एक आक्षेप उरतो, आणि तो प्रामाणिक आहे. वाचकाला चाली कळत नाहीत. उंट कुठे गेला, हत्तीने कोणती ओळ धरली, झुगझ्वांग म्हणजे काय, हे त्याला सांगत बसले की कथा मरते. पण याचे उत्तर सांगली जिल्ह्यातल्याच लेखकाने देऊन ठेवले आहे. माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांनी 'सत्तांतर' लिहिली ती वानरांच्या टोळ्यांवर. वानरांच्या कळपात सत्ता कशी बदलते याचे शास्त्र किती मराठी वाचकांना ठाऊक होते? तरी ती कादंबरी वाचली गेली, तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लेखकाने पाहिले होते, आणि पाहिलेले नेमके लिहिले होते. जपानी लेखक यासुनारी कावाबाताने तर 'गो' या पटावरच्या खेळावर अख्खी कादंबरी उभी केली. १९३८ साली वृद्ध गुरू शुसाई आणि तरुण आव्हानवीर यांच्यात कित्येक महिने चाललेल्या सामन्याचे वार्तांकन त्याने वर्तमानपत्रासाठी केले होते; कादंबरी त्यातूनच झाली. तिच्यात वेड नाही. जुनी रीत आणि नवे नियम यांची गाठ आहे, चाल पाकिटात बंद करून ठेवण्याच्या पद्धतीवरून धुमसणारा राग आहे, म्हाताऱ्या देहाचा थकवा आहे. जगभरच्या ज्या वाचकांना 'गो'ची एक चाल कळत नाही, तेही ती वाचतात.

आपल्याकडे तर अशा कादंबरीची सामग्री शतकांपासून पडून आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त राजाच्या करमणुकींमध्ये चतुरंगाचे वर्णन येते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात त्रिवेंगडाचार्यांनी 'विलासमणिमंजरी' हा बुद्धिबळावरचा संस्कृत ग्रंथ रचला. त्याचे इंग्रजी भाषांतर १८१४ साली मुंबईत छापले गेले. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाई, राजाला एकदा घोड्याची उडी घेता येई, किल्लेकोटाची आजची रीत नव्हती. मग आंतरराष्ट्रीय नियम आले. ज्यांनी आयुष्यभर एका पद्धतीने डाव मांडले, त्यांना उतारवयात सगळे पाठांतर मोडून नव्याने शिकावे लागले, किंवा नातवंडांना खेळताना नुसते पाहत बसावे लागले. एक पिढी आपल्याच घरच्या पटावर परकी झाली. रायांनी चित्रपटाच्या शेवटी ज्याला नुसता स्पर्श केला, ती गोष्ट महाराष्ट्राच्या गावोगावी खरोखर घडली आहे, आणि ती अजून सांगायची राहिली आहे.

शिवाय आजचे जग आहेच. तालुक्याच्या गावाहून मुलीला एसटीने स्पर्धेला आणणारी आई. तिला खेळातले काही कळत नाही, पण मुलगी हॉलबाहेर आल्यावर तिच्या चेहऱ्यावरून निकाल ओळखते. शेवटच्या फेरीत अर्ध्या गुणासाठी शिजणारी बरोबरीची बोलणी. पंचाच्या टेबलावर 'हात लावलास की नाही' यावरून उभा राहिलेला तंटा. रेटिंगच्या चार आकड्यांवर पोराची लायकी तोलणारा बाप. दहावीच्या वर्षी ज्यांचा पट माळ्यावर टाकला गेला ती हुशार मुले. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली बाटुमीला कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा तिचे अभिनंदन सगळ्यांनी केले. तिच्यासारख्या एकीच्या मागे ज्या शेकडो मुली मधल्याच फेऱ्यांत थांबल्या, त्यांच्याविषयी लिहायचे काम वर्तमानपत्राचे नाही. ते कथा-कादंबरीचे काम आहे.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. मराठीत बुद्धिबळाच्या कथेला कमतरता आहे ती लेखकाच्या हजेरीची. खांडेकरांचा जन्म ज्या गावात झाला, विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथे मराठी नाटक उभे केले, अण्णा भाऊ साठ्यांचे वाटेगाव आणि माडगूळकरांचे माडगूळ ज्या जिल्ह्यात आहेत, तिथे हे अनुभव शब्दांवाचून पडून राहावेत हे शोभत नाही. सांगली-साताऱ्याच्या तरुण लेखकांना माझी विनंती आहे: परदेशी कादंबऱ्यांतला झपाटलेला नायक उसना आणू नका. पुढची स्पर्धा लागेल तेव्हा हॉलमध्ये पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत बसा. शेवटच्या बोर्डावर कोण खेळते ते पाहा, ते तिथवर कसे पोचले ते विचारा, आणि जुन्या खेळाडूंच्या आठवणी ते असेपर्यंत उतरवून घ्या. कादंबरी त्यातून निघेल.